लॅपटॉपची स्मृती आणि खेळाची गती

संगणकावरील खेळ हा विषय वसंतातील व्याख्यानांच्या व्यासपीठावर यावा, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान यांच्या पंक्तीला हा पोरखेळ कशाला, असा प्रश्न कोणी मनातल्या मनात केला, तर त्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु आज मध्यम स्थितीतील कुटुंबात खेळासाठी चालेल असा लॅपटॉप घ्यावयाचा, तर साठ-सत्तर हजारांपासून लाखापर्यंत रक्कम मोजावी लागते. ही रक्कम मोजण्यापूर्वी घरात जी चर्चा होते, तिच्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: "रॅम जास्त घ्या, म्हणजे गेम पळेल." दुकानदार हेच सांगतो, चिरंजीव हेच सांगतात आणि चिरंजीवांचे मित्रही त्याला दुजोरा देतात. वडील मान डोलावतात आणि खिशात हात घालतात.

हे वाक्य अर्धेच खरे आहे. काही घरांत ते ऐकून पैसे सत्कारणी लागतात, तर काही घरांत तेवढेच पैसे जाऊनही खेळ पूर्वीइतकाच अडखळत राहतो. आणि मग दोष कधी यंत्राला, कधी मुलाच्या हट्टाला दिला जातो. स्मृती कमी पडली म्हणजे खेळ का अडखळतो, ती कोठवर वाढविल्याने लाभ होतो आणि कोठून पुढे केवळ खर्च वाढतो, एवढाच आमचा आजचा विषय आहे. ज्यांना खेळाशी कर्तव्य नाही त्यांनीही हे ऐकावे असे आम्हांस वाटते. खेळ हा यंत्राचा सर्वांत कडक परीक्षक आहे. पत्र लिहिताना अक्षर अर्धा सेकंद उशिरा उमटले तर कोणाच्या लक्षात येत नाही. खेळात तोच अर्धा सेकंद लपत नाही. म्हणून खेळाच्या निमित्ताने यंत्राच्या ज्या उणिवा कळतात, त्या इतर कामांतही कमीअधिक प्रमाणात असतातच.

यंत्राला करावे लागणारे काम

पडद्यावर जे चित्र हलताना दिसते ते वस्तुतः हलत नसते. सिनेमाप्रमाणेच येथेही एकामागून एक स्थिर चित्रे दाखविली जातात. सिनेमात ती सेकंदाला २४ असतात. संगणकाच्या खेळात ती सामान्यतः ६० असावीत अशी अपेक्षा असते. यांतील एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. मोठा फरक असा की, सिनेमातील चित्रे अगोदरच तयार असतात, तर खेळातील प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी नव्याने काढावे लागते. कारण खेळणारा पुढच्या क्षणी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे यंत्राला ठाऊक नसते.

सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंदांचा अवधी. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्या अवधीत प्रोसेसरने कोण कोठे उभा आहे, गोळी कोणास लागली, भिंत कोसळली की नाही, याचा हिशोब करावयाचा. आणि त्या हिशोबावरून ग्राफिक्स चिपने १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपक्यांचे चित्र रंगवावयाचे. हे काम पूर्ण होते न होते तोच पुढच्या चित्राची वेळ झालेली असते. या घाईत हवी ती वस्तू हाताशी नसली, तर काय होत असेल याची कल्पना करता येईल.

रंगमंच, विंग आणि गोदाम

ही कल्पना अधिक स्पष्ट व्हावी म्हणून एखाद्या नाटक मंडळीचे उदाहरण घेऊ. नाटकाला तीन जागा लागतात. पहिली रंगमंच, जेथे प्रत्यक्ष प्रयोग चालतो. दुसरी विंग, जेथे या अंकात लागणारे पडदे, कोच, तलवारी, पगड्या असे सामान हाताशी मांडून ठेवलेले असते. आणि तिसरी जागा म्हणजे गावाबाहेरचे गोदाम, जेथे मंडळीच्या सगळ्या नाटकांचे सगळे सामान भरलेले असते.

लॅपटॉपमध्येही अशाच तीन जागा आहेत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप हा रंगमंच. रॅम ही विंग. आणि ज्यात खेळ कायमचा साठविलेला असतो ती हार्ड डिस्क किंवा एसएसडी हे गोदाम. दुकानात "आठ जीबी", "सोळा जीबी" असे जे आकडे सांगतात ते बहुधा विंगेचे असतात. "पाचशे बारा जीबी", "एक टीबी" हे आकडे गोदामाचे होत. एक जीबी म्हणजे सुमारे शंभर कोटी बाइट. या दोन आकड्यांची गल्लत अनेक जण करतात. गोदाम कितीही मोठे असले तरी त्यामुळे विंग मोठी होत नाही.

आता अंतराचा विचार करू. प्रोसेसरने रॅममधून एखादी वस्तू मागितली, तर ती हाती यावयास सुमारे १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका वेळ लागतो. चांगल्या एसएसडीतून तीच वस्तू आणावयास सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट वेळ लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून आणावयाची तर सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. हे आकडे इतके लहान आहेत की त्यांचा भेद आपल्या मनावर ठसत नाही. म्हणून एक युक्ती करू. रॅममधून वस्तू आणावयास एक सेकंद लागतो असे समजू. मग त्याच मापाने एसएसडीतून आणावयास सोळा-सतरा मिनिटे लागतील. आणि हार्ड डिस्कमधून आणावयास एक अख्खा दिवस आणि रात्र उलटून वर आणखी जवळजवळ चार तास लागतील. राजाने तलवार मागितली आणि विंगेतून ती एका सेकंदात हाती आली, तर प्रेक्षकांच्या ध्यानातही येत नाही. तीच तलवार गोदामातून आणावयाची म्हटले, तर राजाला हात पुढे करून रंगमंचावर ताटकळत उभे राहावे लागते. खेळात चित्र जे क्षणभर गोठल्यासारखे होते, ते हेच ताटकळणे होय.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एका चित्राचा अवधी १६.७ मिलिसेकंदांचा आहे आणि हार्ड डिस्ककडे एकच फेरी मारावयास १० मिलिसेकंद जातात. दोन फेऱ्या झाल्या की चित्राची वेळ टळलीच. खेळाच्या प्रारंभी "लोडिंग" अशी पाटी दाखवून यंत्र जे थांबवून ठेवते, ते विंग भरण्यासाठी. तिसरी घंटा होण्यापूर्वी सामान लावून घ्यावयाचे, हा नाटकाचा नियम येथेही पाळला जातो.

विंग अपुरी पडली म्हणजे

विंग अपुरी पडली तर प्रयोग बंद पडावा, असे कोणास वाटेल. तसे सहसा होत नाही, आणि याचे श्रेय एका जुन्या शोधाला आहे. इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली ॲटलस नावाचा संगणक कार्यान्वित झाला. त्याची वेगवान स्मृती थोडी होती आणि फिरत्या ड्रमवरची मंद स्मृती पुष्कळ होती. त्याच्या रचनाकारांनी अशी योजना केली की, या दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती आहे असे कार्यक्रमाला भासावे. जे सामान आत्ता नको ते ड्रमवर जावे आणि लागेल ते आपोआप परत यावे. या युक्तीला आभासी स्मृती म्हणतात. आजचा प्रत्येक लॅपटॉप ती वापरतो. रॅम भरत आली की यंत्र तिच्यातील काही भाग एसएसडीवर नेऊन ठेवते आणि मोकळी झालेली जागा नव्या सामानाला देते.

युक्ती उत्तम आहे, पण तिला मर्यादा आहे. चालू अंकाला लागणारे सगळे सामान विंगेत मावते आहे आणि केवळ मागच्या अंकाचे सामान गोदामात जाते आहे, तोवर कोणाला काही कळत नाही. परंतु चालू अंकाचेच सामान विंगेत मावेनासे झाले, की पंचाईत होते. तलवार आणावयाची तर जागा करण्यासाठी ढाल गोदामात पाठवावी लागते, आणि पुढच्याच संवादाला ढाल लागते. मग ढाल आणण्यासाठी मुकुट बाहेर जातो. थोड्याच वेळात मंडळीचे सगळे गडी केवळ ने-आण करण्यात गुंततात आणि रंगमंचावरचे नाटक जागच्या जागी थांबते. ही अवस्था संगणकांत कशी व का येते, याचे नेमके विवेचन पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली केले. कोणत्याही कार्यक्रमाला त्या त्या वेळी लागणाऱ्या सामानाचा एक चालू संच असतो. तो संच स्मृतीत मावला तर काम सुरळीत चालते, न मावला तर ते हळूहळू मंदावत नाही, एकदम कोसळते, हा त्याचा गाभा होय.

आमच्या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. स्मृती म्हणजे वेग नव्हे. स्मृती म्हणजे जागा. जागा पुरेशी असताना ती आणखी वाढविली तर वेग वाढत नाही. विंगेत दहा कोच ठेवण्याइतकी जागा आहे आणि नाटकात चारच कोच लागतात. मग विंग वीस कोचांची केल्याने नट अधिक चपळाईने बोलू लागत नाहीत. उलट नाटकाला चार कोच लागतात आणि जागा तिघांचीच आहे, तर त्या एका कोचापायी सगळा प्रयोग विस्कळीत होतो.

सरासरीचा आकडा फसवितो

खेळाचा वेग सांगताना "सेकंदाला अमुक फ्रेम" असा सरासरीचा आकडा देण्याची पद्धत आहे. स्मृतीच्या बाबतीत हा आकडा पुष्कळदा दिशाभूल करतो. समजा, एका सेकंदात ६० चित्रे दाखविली गेली. त्यांपैकी ५९ चित्रांना प्रत्येकी १४ मिलिसेकंद लागले, म्हणजे एकूण ८२६. उरलेले एक चित्र सामान गोदामात असल्यामुळे अडकले आणि त्याला १७४ मिलिसेकंद लागले. बेरीज हजार झाली. सरासरी बरोबर ६० आली, म्हणजे कागदावर सगळे यथास्थित आहे. परंतु खेळणाऱ्याला मात्र दर सेकंदाला एक स्पष्ट ठेच लागते, आणि शत्रू नेमका त्याच क्षणी समोर असला तर डाव गेलाच. "वेग साठचा दाखवितो, तरी खेळ अडखळतो कसा?" अशी मुलांची जी तक्रार असते, तिचा अर्थ हा असा आहे. ती हट्टाची तक्रार नव्हे.

थोड्या जागेतील कसब आणि वाढती भूक

खेळ रचणाऱ्यांना जागेची टंचाई नवी नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ साली निघाला. तो सबंध खेळ ४० किलोबाइटांत मावत असे, आणि ज्या यंत्रावर तो चाले त्याची कामाची स्मृती केवळ २ किलोबाइटांची होती. रचनाकारांनी जागा वाचविण्यासाठी आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडुपे यांना एकच चित्र वापरले. फक्त रंग बदलला. पांढरे केले की ढग, हिरवे केले की झुडूप. लक्षावधी मुलांनी तो खेळ खेळला, पण ही गोष्ट फारच थोड्यांच्या नजरेस आली असेल.

आजच्या खेळांची भूक निराळी आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा खेळ संगणकासाठी २०१५ साली आला तेव्हा त्याला किमान ४ जीबी रॅम लागे आणि ८ जीबी असावी अशी शिफारस होती. 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा खेळ २०१९ साली संगणकावर आला, तेव्हा किमान ८ आणि शिफारस १२ जीबी असे प्रमाण झाले. 'सायबरपंक २०७७' ची कथा तर अधिक बोलकी आहे. २०२० च्या डिसेंबरात तो निघाला तेव्हा किमान ८ जीबी रॅम सांगितली होती. २०२३ साली त्याच खेळाची किमान अट १२ जीबी आणि शिफारस १६ जीबी अशी वाढविण्यात आली. म्हणजे विकत घेताना पुरेसा असलेला लॅपटॉप तीन वर्षांच्या आत त्याच खेळाला अपुरा ठरला. त्याच वर्षी संगणकावर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस, भाग १' या खेळाने १६ जीबी हीच किमान अट ठेवली. दुसऱ्या बाजूस 'व्हॅलोरंट' सारखा २०२० चा लोकप्रिय खेळ आहे, ज्याला ४ जीबी रॅमवर चालण्याची मुभा त्याच्या निर्मात्यांनी ठेवली. तेव्हा "गेमला किती रॅम लागते?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणता खेळ, हे आधी विचारले पाहिजे.

येथे हेही ध्यानात धरावे की, लॅपटॉपवर ८ जीबी असे लिहिलेले असले तरी ती सगळी खेळाच्या वाट्याला येत नाही. विंडोज आणि तिच्या पाठीमागे गुपचूप चाललेले कार्यक्रम मिळून सुमारे तीन जीबी जागा सहज घेतात. ब्राउझरच्या दहा-वीस खिडक्या उघड्या असल्या तर आणखी एखाद-दोन जीबी जातात. उरलेल्या तीन-चार जीबीत १२ जीबीची अपेक्षा करणारा खेळ बसवावयाचा, म्हणजे प्रयोगापूर्वीच विंग पाहुण्यांनी भरून टाकण्यासारखे आहे.

चित्रकाराची स्वतंत्र विंग

आतापर्यंत आम्ही एकाच विंगेविषयी बोललो. खेळासाठी बनविलेल्या लॅपटॉपमध्ये दुसरीही एक विंग असते. तिचे नाव व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स चिपची स्वतःची स्मृती. प्रोसेसर हा जर सूत्रधार, तर ग्राफिक्स चिप हा नेपथ्यकार. आणि त्याचे पडदे व रंग त्याच्या स्वतंत्र विंगेत राहतात.

हे पडदे किती जागा घेतात याचा हिशोब करून पाहू. भिंत, जमीन, कातडे, कापड यांच्या पृष्ठभागावर जे चित्र चिकटविलेले असते त्याला टेक्श्चर म्हणतात. लांबी-रुंदीला ४०९६ ठिपके असलेल्या एका टेक्श्चरमध्ये एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक ठिपके येतात. ठिपक्यामागे ४ बाइट धरले तर ६४ मेगाबाइट झाले. खेळ रचणारे ते दाबून ठिपक्यामागे एका बाइटवर आणतात, म्हणजे १६ मेगाबाइट. दूरून पाहताना वापरावयाच्या लहान प्रती जोडीला ठेवाव्या लागतात, त्यांचा तिसरा हिस्सा मिळविला की सुमारे २१. एका दृश्यात अशी शे-दीडशे टेक्श्चरे असली, तर त्यांनाच दोन-तीन जीबी जागा लागते. याउलट पडद्यावर दिसणारे एक तयार चित्र जेमतेम ८ मेगाबाइटांचे असते. म्हणून व्हीरॅम तोकडी असेल तर सर्वप्रथम टेक्श्चरची प्रत कमी करावी. ती निम्म्या लांबी-रुंदीची केली की जागा एकदम चतुर्थांशावर येते.

व्हीरॅम ओसंडली म्हणजे काय होते? एनव्हिडियाच्या २०२१ च्या आरटीएक्स ३०५० या लॅपटॉप चिपला सुरुवातीस ४ जीबी व्हीरॅम होती; २०२३ च्या आरटीएक्स ४०६० ला ८ जीबी आहे. या ८ जीबीतून सेकंदाला २५६ जीबीपर्यंत सामान रंगमंचावर येऊ शकते. ती भरली की उरलेले पडदे साध्या रॅममध्ये ठेवले जातात आणि दोन विंगांना जोडणाऱ्या बोळातून आणावे लागतात. त्या बोळाची क्षमता सेकंदाला सुमारे १६ जीबी, म्हणजे सोळावा हिस्सा. काही खेळ अशा वेळी अडखळतात. काही जास्त शहाणे असतात, ते पडदेच हलक्या प्रतीचे लावतात. भिंतीवरची पाटी अगोदर धूसर दिसते आणि जवळ जाऊन उभे राहिल्यावर हळूच स्पष्ट होते, ते यामुळेच. 'द लास्ट ऑफ अस' संगणकावर आला तेव्हा ८ जीबी व्हीरॅमच्या चिपांनाही तो जड गेला आणि निर्मात्यांना मागाहून सुधारणा कराव्या लागल्या. दोष नेहमी खरेदी करणाऱ्याच्या यंत्राचाच असतो असे नाही.

एकच विंग आणि तिचे दार

ज्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स चिप नसते, आणि विद्यार्थ्यांचे बहुतेक लॅपटॉप असेच असतात, तेथे सूत्रधार व नेपथ्यकार या दोघांना मिळून एकच विंग असते. नेपथ्यकारासाठी काही जागा आरंभीच राखून ठेवली जाते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर "वापरता येण्याजोगी रॅम" म्हणून सहा किंवा सात जीबीच्या आसपास आकडा दिसतो, तेव्हा दुकानदाराने फसविले असे समजू नये. उरलेली जागा ग्राफिक्सच्या नावावर गेलेली असते.

अशा यंत्रात जागेइतकेच दारालाही महत्त्व येते. डीडीआर४-३२०० या प्रकारची रॅमची एकच पट्टी लावली तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी सामान ये-जा करू शकते. त्याच प्रकारच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन दारे उघडतात आणि क्षमता ५१.२ जीबी होते. स्वतंत्र चिप असेल तर या दुसऱ्या दाराचा लाभ माफक असतो. पण एकाच विंगेवर दोघांनी भागविणाऱ्या लॅपटॉपमध्ये दुसरी पट्टी लावताच खेळाचा वेग पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक वाढल्याचे दिसते. येथे मात्र रॅम वाढविल्याने गेम खरोखर पळतो. परंतु त्याचे कारण वाढलेली जागा एवढेच नसून उघडलेले दुसरे दार हेही असते.

रोग ओळखावा कसा

औषध घेण्यापूर्वी निदान व्हावे, हे यंत्रासही लागू आहे. खेळाची मंदगती तीन प्रकारची असते आणि तिन्हींची लक्षणे वेगळी आहेत.

खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच संथपणे चालत असेल, तर प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप दुबळी आहे. तेथे रॅम ओतून काही साधणार नाही. खेळ आरंभी उत्तम चालतो आणि वीस मिनिटांनी मंदावतो, यंत्राचा तळ हात लावू देत नाही आणि पंखा घुमू लागतो, तर तो उष्णतेचा परिणाम होय. स्वतःला वाचविण्यासाठी चिप आपला वेग कमी करते. वैशाखातील दुपारी गादीवर लॅपटॉप ठेवून खेळणाऱ्यांना हा अनुभव येतोच. परंतु खेळ एरवी सुरळीत चालतो आणि नव्या दालनात शिरताना, एकदम वळताना, गर्दीच्या रस्त्यावर येताना झटका बसतो, तर संशय स्मृतीवर घ्यावा.

संशय पडताळणे अवघड नाही. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' या भागात रॅम किती भरली ते दिसते. पट्ट्यांच्या किती खाचा वापरात आहेत, हेही तेथेच कळते. ग्राफिक्सच्या पानावर चिपच्या स्वतःच्या स्मृतीचा आकडा निराळा दिलेला असतो. खेळ चालू असताना रॅम काठोकाठ भरलेली आणि झटक्याच्या क्षणी डिस्क जोरात राबत असलेली दिसली, तर निदान पक्के समजावे. रॅम निम्मी मोकळी असेल आणि तरीही खेळ रखडत असेल, तर रॅमवर खर्च करू नये.

उपायांचा क्रमही सांगून ठेवतो. प्रथम फुकटचे उपाय: ब्राउझर बंद करावा, पाठीमागचे अनावश्यक कार्यक्रम थांबवावे, टेक्श्चरची प्रत एक पायरी खाली आणावी. एवढ्याने भागले नाही आणि खाच रिकामी असेल, तर दुसरी पट्टी घ्यावी. ८ वरून १६ जीबीवर जाण्याने आजच्या मोठ्या खेळांत जो फरक पडतो तो डोळ्यांना दिसण्याजोगा असतो. १६ वरून ३२ वर जाण्याने बहुतेक खेळांत काहीच फरक दिसत नाही. अपवाद आहेत, 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' च्या २०२४ च्या आवृत्तीने ३२ जीबीची शिफारस केली आहे. पण अपवादासाठी पैसे मोजावयाचे तर तो खेळ आपल्या घरी खरोखर खेळला जाणार आहे ना, हे अगोदर पाहावे.

दुकानात विचारावयाचा प्रश्न

शेवटी एका गोष्टीकडे श्रोत्यांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या पट्ट्या बहुधा खाचांत बसविलेल्या असत; त्या काढता येत, नव्या घालता येत. आजच्या अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिपा मुख्य पट्टावर कायमच्या डाखलेल्या असतात. एलपीडीडीआर या नावाने सुरू होणारी रॅम बहुधा अशीच असते. तिचे काही लाभ आहेत: वीज कमी लागते, यंत्र पातळ होते. परंतु तिच्यात नंतर एका जीबीचीही भर घालता येत नाही. ग्राफिक्स चिपची व्हीरॅम तर कोणत्याच लॅपटॉपमध्ये वाढविता येत नाही, असे समजून चालावे. म्हणजे जी चूक खाचांच्या लॅपटॉपमध्ये मागाहून एका पट्टीच्या खर्चात सुधारते, तीच चूक डाखलेल्या लॅपटॉपमध्ये सगळे यंत्र बदलल्यावाचून सुधारत नाही. प्रोसेसर धडधाकट, पडदा स्वच्छ, कळा शाबूत, आणि केवळ विंग तोकडी म्हणून सबंध रंगमंदिर मोडीत काढावयाचे, ही उधळपट्टी सामान्य कुटुंबाला परवडणारी नाही.

२०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणकगृहांकडून स्मृतीच्या चिपांना इतकी मागणी आली की जगभर रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. अशा काळात कमी स्मृतीचे लॅपटॉप आकर्षक किमतीला पुढे करण्याचा मोह विकणाऱ्यांना होणे स्वाभाविक आहे, आणि ते घेण्याचा मोह आपल्याला होणेही तितकेच स्वाभाविक आहे. म्हणून दुकानात "रॅम किती?" एवढ्यावर थांबू नये. रॅम खाचेत आहे की डाखलेली? खाचा किती, आणि त्यांतील रिकामी किती? ग्राफिक्सची स्मृती स्वतंत्र आहे की सामाईक, आणि स्वतंत्र असल्यास किती? हे तीन प्रश्न विचारावे आणि उत्तर पावतीवर किंवा माहितीपत्रकावर लेखी पाहावे. खाच रिकामी असेल तर आज ८ जीबीवर भागवून उद्या भर घालता येते. डाखलेली असेल तर आज थोडे अधिक देऊन १६ जीबी घेणे हाच काटकसरीचा मार्ग ठरतो.

मुलांनी खेळावे किती, केव्हा आणि काय, हा प्रश्न प्रत्येक घराने आपापल्या विचाराने सोडवावा; तो आमच्या आजच्या विषयात येत नाही. पण लॅपटॉप घ्यावयाचाच असे ठरले, तर तो कशासाठी, कोणत्या खेळासाठी आणि किती वर्षांसाठी, याचा हिशोब मुलांना शेजारी बसवून करावा, एवढी आमची विनंती आहे. टास्क मॅनेजर कसा उघडावा, हे बहुधा त्यांना आपल्यापेक्षा लवकर जमेल. आणि विंग किती मोठी हवी, हे त्यांना कळले, म्हणजे पुढल्या वेळी दुकानदाराशी बोलण्याचे काम त्यांच्यावर सोपवावयास हरकत राहणार नाही.